१६ एप्रिलचा प्रश्न: एका जीके ग्रुपमधल्या भांडणाची पूर्ण केस

रोज एक जनरल नॉलेजचा प्रश्न टाकायचा आणि मित्रांनी उत्तरं द्यायची, असे व्हॉट्सॲप ग्रुप आता गल्लोगल्ली आहेत. शाळेच्या बॅचचे, सोसायटीचे, ऑफिसात एकत्र डबा खाणाऱ्यांचे. बहुतेक दोन महिन्यांत थंडावतात, किंवा मग गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडले जातात. आमचा टिकलाय, पण मध्ये एकदा फुटायच्या बेतात आला होता, आणि तेही अशा प्रश्नावरून की चौथीतलं पोरगं झोपेत उत्तर देईल. त्याचीच ही केस. नावं कुणाची लिहीत नाही, ग्रुपवर ज्याला जे म्हणतात तेच लिहितो.

आधी सिस्टीम सांगतो, कारण सगळा घोळ सिस्टीममध्येच होता. आम्ही एका हॉस्टेलला राहिलेले, आता पन्नाशीकडे झुकलेले लोक. प्रश्न काढतो तो मास्तर. शिकवायचा त्याचा काही संबंध नाही, इन्शुरन्सचं काम करतो, पण हॉस्टेलला असताना मेसच्या जेवणावर लेक्चर द्यायचा म्हणून मास्तर. सकाळी सातला प्रश्न, रात्री नऊला उत्तर. सुरुवातीला उत्तरं ग्रुपवरच टाकायचो, तर पहिल्याने लिहिलं की मागून सगळे 'सेम', 'सेम', 'माझं पण तेच', त्याला काही अर्थ राहिला नाही. मग पोल लावून बघितला. पोलमध्ये कुणी कशावर टिक केलीय ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे जिकडे रेल्वेवाला तिकडे सगळे. (हा खरोखर रेल्वेत आहे, स्टेशन मास्तर, आणि शाळेपासून त्याचं जीके दांडगं.) शेवटी ठरलं की उत्तर मास्तरला पर्सनलवर पाठवायचं. पहिल्या बरोबर उत्तराला तीन पॉइंट, नऊच्या आत आलेल्या बाकी बरोबर उत्तरांना एकेक, आणि पॉइंटची शीट माझ्याकडे. महिन्याच्या शेवटी जो तळाला त्याने पहिल्याला मिसळ द्यायची, तो पुण्यात असेल तर पुण्यात, चेन्नईत असेल तर तितक्या पैशाचं काहीतरी पाठवायचं.

पर्सनलवर उत्तर पाठवायचा नियम चांगलाच होता, पण त्यात एक भोक राहिलं होतं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रश्न काढणारा आणि उत्तरं सगळ्यांच्या आधी बघणारा माणूस एकच. परीक्षक तोच, पेपर सेटर तोच, आणि पेपर सुरू झाल्यावर पेपर बदलायची सोय पण त्याच्याच हातात.

त्या दिवशी काय झालं

मास्तर जमेल तिथे दिनविशेष धरून प्रश्न काढतो. १६ एप्रिल म्हणजे रेल्वे, हे ठरलेलंच. सकाळी सातला प्रश्न पडला: 'भारतातली पहिली रेल्वे कुठून कुठे धावली आणि कोणत्या साली?' खाली एक फोटो, कमानींचा दगडी पूल, खाली खाडीचं पाणी, वरून धूर सोडत जाणारी जुनी गाडी, आणि फोटोवरच कुणीतरी लाल अक्षरात लिहिलेलं 'पहिली रेल्वे १८५३'. म्हणजे साल फोटोवरच छापलेलं, तरी प्रश्नात साल विचारलेलं. हे एकट्या ठाणेकराच्या लक्षात आलं आणि त्याने हसण्याचे चार इमोजी टाकले.

पहिलं उत्तर गेलं चेन्नईकराचं. तो आपलाच, मूळचा साताऱ्याकडचा, गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत नोकरी म्हणून तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. त्याचं उत्तर चार मिनिटांत: 'रेड हिल्स ते चिंताद्रिपेट, मद्रास, १८३७.' त्यानंतर दोनेक मिनिटांत ठाणेकराचं: 'बोरीबंदर ते ठाणे, १८५३', त्याच्या मागे इतर पाच-सहा जणांचं तेच.

आणि सव्वासातच्या आत मास्तरचा प्रश्न बदलला. आता प्रश्न होता: 'भारतातली पहिली प्रवासी रेल्वे कुठून कुठे धावली आणि कोणत्या साली?' शेजारी बारीक 'एडिटेड'. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटं तो बदलता येतो, बदलल्याची खूण दिसते, पण आधी काय लिहिलं होतं ते कुणाला दिसत नाही. तोपर्यंत कुणी काही बोललं नाही, दिवसभर सगळे आपापल्या कामात.

रात्री नऊला मास्तरने उत्तर टाकलं: बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, पहिला नंबर ठाणेकर, अभिनंदन, टाळ्या. चेन्नईकराला शून्य.

नऊ वाजून पाच मिनिटांनी चेन्नईकर ग्रुपवर: 'मास्तर, प्रश्नात प्रवासी शब्द सकाळी सातला होता का?'

मास्तर: 'होता.'

चेन्नईकर: 'एडिटेड दिसतंय.'

मास्तर: 'स्पेलिंग चुकलं होतं, ते नीट केलं.'

इथे मास्तरने सरळ सांगितलं असतं की हो बाबा, राहिलं होतं, तर विषय तिथेच संपला असता असं मला अजून वाटतं. पण एकदा 'होता' म्हणून बसला ना. मग सीएने खोचलं की मराठीत स्पेलिंग काय चुकतं, ऱ्हस्व-दीर्घ म्हण, मग दोघं तिघं त्यातच गुंतले, मग ठाणेकर म्हणाला की शब्द असो नसो, अख्ख्या देशाला माहिती आहे पहिली रेल्वे कुठली ते, तुम्ही मद्रासवाले उगाच. हे 'तुम्ही मद्रासवाले' जे आलं ना, तिथून पुढचा एक तास नुसता धूर. चेन्नईकर चिडला, कारण पंचवीस वर्षं तिकडे राहून पण तो दर गणपतीला गावी येतो, आणि इकडे त्याला 'तुम्ही' म्हणून वेगळं काढलं. त्याने ग्रुप सोडायची भाषा केली, दोघांनी त्याला 'अरे भावा, सोड ना' केलं, एकाने विषय बदलायला आंब्याचा फोटो टाकला.

पुरावा आला तो अगदी अनपेक्षित जागेवरून. बार्शीवाला रोज सकाळी मास्तरचा प्रश्न जसाच्या तसा आपल्या घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड करतो, त्याच्या भाचरांसाठी. मूळ मेसेज नंतर बदलला तरी फॉरवर्ड झालेली कॉपी बदलत नाही, ती जशी गेली तशीच राहते. त्याने साडेनऊला त्याचा स्क्रीनशॉट टाकला, सकाळी सात वाजून एक मिनिट, 'भारतातली पहिली रेल्वे', प्रवासी शब्द कुठेच नाही. बिचाऱ्याचा हेतू काही नव्हता, तो आपला 'हे बघा माझ्याकडे असं आहे' म्हणून टाकून झोपायला गेला, आणि इकडे बॉम्ब फुटला.

मास्तर वीस मिनिटं गप्प. मग लिहिलं की प्रश्न टाकल्यावर त्याला स्वतःलाच वाटलं की शब्द राहिला, म्हणून घातला, कुणाचं उत्तर बघून नाही. चेन्नईकर म्हणाला माझं उत्तर सात चारला ब्लू टिक झालंय, शब्द त्याच्यानंतर आलाय. दोघंही खरं बोलत असू शकतात, आणि हे तपासायला काहीच मार्ग नाही, हीच तर गंमत. मास्तर चोरी करणारा माणूस नाही हे आम्हाला सगळ्यांना माहिती आहे. पण सिस्टीम अशी होती की चोरी आणि दुरुस्ती बाहेरून सेम टू सेम दिसत होत्या.

मग खरं उत्तर काय

हे रेल्वेवाल्याने दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून सविस्तर लिहिलं, व्हॉइस नोट न टाकता टाइप करून, त्याबद्दल त्याचे आभार. त्यात मी वाचून थोडी भर घातलीय.

चेन्नईकर बरोबर होता. १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल्सपासून चिंताद्रिपेटपर्यंत रूळ टाकले होते, रस्ते बांधायला दगड वाहून नेण्यासाठी. त्याच्यामागे आर्थर कॉटन, तेच ते गोदावरीवर धरण बांधणारे. त्या मार्गावर डबे बहुतेक वेळ जनावरंच ओढायची, पण वाफेचं इंजिनही चालवलेलं आहे. पुढे १८४५ मध्ये गोदावरीच्या धरणाला लागणाऱ्या दगडासाठी धवळेश्वरमलाही रूळ होते. आणि रुरकीला सोलानी नदीवर गंगा कालव्याचा जो पूल बांधला त्याच्या मातीसाठी २२ डिसेंबर १८५१ ला वाफेचं इंजिन गाडी ओढत होतं, थॉमसन नावाचं. म्हणजे 'पहिली रेल्वे' एवढंच विचारलं तर बोरीबंदर ते ठाणे हे उत्तर चूक आहे, सरळ चूक. शाळेत आपण तेच पाठ केलं असलं तरी.

ठाणेकर पण बरोबर होता, प्रश्नात प्रवासी शब्द असेल तर. १६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी सुटली, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी, तीन इंजिनं. इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान असं सगळीकडे छापलेलं असतं. अंतर २१ मैल म्हणजे ३४ किलोमीटर. मैल पण २१ आणि तोफा पण २१, त्यामुळे फॉरवर्डमध्ये कधीकधी '२१ किलोमीटर' असं पण वाचायला मिळतं, ते चूक. कंपनी जीआयपी, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने उभी राहिलेली, मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी या रेल्वेसाठी खटपट केली, ते कंपनीच्या संचालकांत होते.

पण रेल्वेवाला इथे थांबला नाही, आणि इथेच मला त्याच्याबद्दल खरा आदर वाटला. तो म्हणाला, प्रवासी शब्द घातला तरी प्रश्न पक्का होत नाही. १६ एप्रिलच्या पाच महिने आधी, १८ नोव्हेंबर १८५२ ला, कंपनीच्या संचालकांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनी मुंबई ते ठाणे चाचणीची सफर केलीच होती. ते लोक डब्यात बसले होते म्हणजे प्रवासीच की. त्याच वर्षी भायखळ्याला रूळ टाकायच्या कामावर फॉकलंड नावाचं इंजिन फिरत होतं आणि ते बघायला लोक जमायचे, त्यामुळे मुंबईने आगगाडी पहिल्यांदा १६ एप्रिलला पाहिली असंही नाही. उलट बाजूने बघा, १६ एप्रिलच्या गाडीत बसले ते निमंत्रित, तिकीट काढलेले नाहीत. तिकिटाची गाडी नंतर सुरू झाली. मग नेमकं काय पहिलं? तर, समारंभाने सुरू झालेली, लोकांना खुली करण्यासाठी काढलेल्या मार्गावरची पहिली अधिकृत प्रवासी गाडी. एवढं लांब वाक्य सकाळी सातला कुणी वाचेल का, तो भाग वेगळा.

किती वेळ लागला यावर पण दोन आकडे फिरतात, एक ५७ मिनिटं आणि दुसरा सव्वा तासाच्या आसपास. मास्तरच्या राखीव यादीत पुढच्या वर्षीसाठी 'पहिल्या गाडीला किती मिनिटं लागली' असा प्रश्न होता म्हणे, तो त्याने त्याच रात्री उडवला.

आणि तो फोटो. त्यावरून कुणी भांडलं नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथे होती. १६ एप्रिल १८५३ ला रेल्वे ठाण्यापर्यंतच होती. ठाण्याच्या पुढे खाडी ओलांडून कल्याणपर्यंतचा मार्ग सुरू झाला १ मे १८५४ ला, म्हणजे वर्षभराने. मग खाडीवरच्या पुलावरून धूर सोडत जाणारी गाडी ही पहिली गाडी असेल कशी? पुलावर रूळच तेव्हा सुरू नव्हते. हा फोटो, किंवा असेच दोन-तीन फोटो, दरवर्षी १६ एप्रिलला फिरतात, कधीकधी तर व्हीटीच्या घुमटाचा फोटो लावलेला असतो, जी इमारत बांधायलाच १८७८ मध्ये घेतली आणि दहा वर्षं लागली. फोटो बघून कुणी प्रश्न विचारत नाही. लिहिलेल्या ओळीवर तुटून पडतात आणि वरच्या फोटोकडे बघत पण नाहीत.

निकाल

आता पॉइंटचं काय करायचं. मास्तरची भाची एमपीएससी करते, तिला त्याने विचारलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी तो एकदम सरकारी भाषेत आला. आयोगाची पद्धत अशी आहे की परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका लावतात, उमेदवारांकडून हरकती मागवतात, तज्ज्ञांकडून तपासून अंतिम उत्तरतालिका काढतात, आणि प्रश्नच चुकीचा असेल तर तो रद्द करतात. मास्तर म्हणाला हा प्रश्न रद्द, कुणालाच पॉइंट नाही.

ठाणेकर उसळला, माझे तीन पॉइंट का घालवता, मी तर दोन्ही प्रश्नांना धरून जे सगळ्या पुस्तकांत आहे तेच लिहिलं. चेन्नईकर पण खूश नाही, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे मूळ प्रश्नाचं एकमेव बरोबर उत्तर त्याने दिलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर रद्द करणं हा आळस होता. प्रश्न दोन झाले होते, सकाळी सातचा आणि सव्वासातचा, तर दोघांनाही तीन-तीन द्यायला हवे होते. सातच्या प्रश्नाला चेन्नईकर पहिला, सव्वासातच्या प्रश्नाला ठाणेकर. शीट माझ्याकडे असली तरी मत एकच, त्यामुळे मतदान झालं आणि रद्दवाल्यांची सरशी झाली, कारण ज्यांनी त्या दिवशी उत्तरच दिलं नव्हतं त्यांना रद्द झाल्याने फायदाच होता ना. सीएने मतदानाच्या आधी हे बोलून दाखवलं होतं, कुणी ऐकलं नाही.

पण हरकतीची पद्धत मात्र राहिली, आणि ती चांगली चाललीय. आता नियम असे आहेत: प्रश्न एकदा गेला की एडिट करायचा नाही, चुकलं तर खाली वेगळा मेसेज 'शुद्धिपत्रक' म्हणून. उत्तरं आता मास्तरकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात, आणि मला प्रश्नाचं उत्तर आधीपासून माहिती नसतं. नऊला उत्तर आलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हरकत घ्यायची, आणि हरकत घ्यायची तर कशाच्या आधारावर ते लिहायचं, 'मी वाचलं होतं कुठेतरी' चालत नाही. गुगलचा स्क्रीनशॉट एकटा चालत नाही. चॅटबॉटचा तर नाहीच, कारण १६ एप्रिलच्या रात्री दोन्ही बाजूंनी त्याचेच स्क्रीनशॉट टाकले होते आणि दोन्हीकडे त्याने ज्याने विचारलं त्याच्या मनासारखंच उत्तर दिलं होतं.

सगळ्यात उपयोगी पडला तो रेल्वेवाल्याचा नियम. 'पहिला', 'सर्वात मोठा', 'सर्वात लांब' असे शब्द आले की मास्तरने प्रश्नातच हद्द आखायची. कशातला पहिला, कुठला, कोणाच्या नोंदीप्रमाणे. आमच्या जुन्या प्रश्नांची यादी या नजरेने बघितली तर धडधडीत भोकं दिसायला लागली. 'भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता' हा प्रश्न आमच्याकडे कधीतरी येऊन गेलेला होता आणि हॉकी लिहिणाऱ्या सगळ्यांना पॉइंट मिळाले होते, जेव्हा की २०१२ मध्ये माहिती अधिकारात लखनौच्या एका शाळकरी मुलीने विचारलं तेव्हा क्रीडा मंत्रालयानेच सांगितलं की असा कोणताही खेळ जाहीर केलेला नाही. एव्हरेस्टची उंची आम्ही ८८४८ धरली होती, डिसेंबर २०२० पासून नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८८४८.८६ मीटर आहे, आता ०.८६ ने कुणाचं काय बिघडतं, पण पॉइंट म्हणलं की बिघडतं. महाराष्ट्रात जिल्हे किती, ३६, हे सगळ्यांना माहिती, पण १ मे १९६० ला किती होते म्हणलं की अर्धे लोक ३५ लिहितात. तेव्हा २६ होते, नंतर सिंधुदुर्ग, जालना, लातूर, गडचिरोली, मुंबई उपनगर, वाशिम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया आणि शेवटी २०१४ मध्ये पालघर असे दहा वाढले. ३५ हा आकडा पालघरच्या आधीचा, तोच लोकांच्या डोक्यात बसलाय, कारण आपण शाळा सोडली की जीके तिथेच थांबतं.

आणि 'जन गण मन'ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं हा मेसेज तर प्रश्न म्हणून पण आला होता एकदा. युनेस्को असली स्पर्धा घेतच नाही. तो कुणी पाठवला होता ते शीटमध्ये आहे, पण जाऊ दे.

काय सुधारलं, काय बिघडलं

सुधारलं हे की भांडणं कमी झाली आणि त्यांचा दर्जा वाढला. पूर्वी 'तुला काय कळतंय' वर यायचं, आता 'कशावरून' वर येतं. चेन्नईकर ग्रुपवर राहिला. ठाणेकराने त्याला 'तुम्ही मद्रासवाले'बद्दल ग्रुपवर सॉरी म्हणलं नाही, पण फोन केला होता असं नंतर कळलं, ते आमच्यात जास्त मोठं समजतात. मास्तर सुरुवातीला थोडा दुखावला होता, दोन आठवडे प्रश्न एकदम कोरडे काढले, 'सोडियमची संज्ञा काय' छाप, म्हणजे ज्याच्यावर हरकत येऊच शकत नाही असे. मग हळूहळू नॉर्मलला आला.

बिघडलं काय ते पण सांगतो, कारण अशा केस लिहिताना लोक सगळं गोड गोड लिहितात. आमच्यातले जे फक्त मजेसाठी उत्तरं द्यायचे, ज्यांना पॉइंटचं काही नव्हतं, ते कमी झाले. बार्शीवाल्याने तर स्पष्ट सांगितलं की आता उत्तर द्यायला भीती वाटते, वकिलाकडे गेल्यासारखं होतं. त्याच्या भाचरांसाठी तो अजून फॉरवर्ड करतो, पण स्वतः खेळत नाही. हॉस्टेलच्या दोन मैत्रिणी, ज्या कधीकधी सगळ्यात भारी उत्तरं द्यायच्या, त्यातली एक म्हणाली, 'अरे सकाळी डबा करता करता मी उत्तर टाकते, मला आधार शोधायला वेळ नाही.' तिचं बरोबर आहे. म्हणून आता आठवड्यातून एक दिवस, रविवारी, बिनपॉइंटचा प्रश्न असतो, हरकत नाही, एडिट चालतं, 'सेम सेम' चालतं. रविवारी उत्तरं सगळ्यात जास्त येतात. यावरून मास्तर म्हणतो की मग सगळेच दिवस तसे करू, आणि रेल्वेवाला म्हणतो मग ग्रुपचं नाव बदलून गप्पा ठेवा.

मला विचाराल तर रोजच्या जीकेची खरी चव भांडणातच आहे. नुसतं उत्तर कळून काय होतं? बोरीबंदर ते ठाणे हे आम्हाला चाळीस वर्षं माहिती होतं, आणि त्या चाळीस वर्षांत रेड हिल्स, रुरकीचं इंजिन, १८५२ ची चाचणी, यातलं काहीच माहिती नव्हतं. चेन्नईकराने चार मिनिटांत वेगळं उत्तर टाकलं नसतं तर अजूनही नसतं. फक्त भांडायला निदान एक प्रश्न तरी तोच हवा ना दोघांसमोर, आमच्याकडे तोच सात आणि सव्वासातमध्ये हरवला होता.

१ मेला मास्तरने जिल्ह्यांचा प्रश्न टाळला आणि विचारलं, 'महाराष्ट्र स्थापनेच्या १०६ वर्षं आधी, बरोबर याच तारखेला, जीआयपीचा कोणता मार्ग प्रवाशांसाठी सुरू झाला?' ठाणे ते कल्याण, १८५४. प्रश्न चांगला होता, हद्द पक्की होती, आणि तीन पॉइंट गेले ठाणेकराला, त्याचं वय त्या मार्गाच्या लोकलमध्येच गेलंय. चेन्नईकराने हरकत घेतली नाही, फक्त लिहिलं की मद्रासकडची पहिली प्रवासी गाडी रायपुरमहून १ जुलै १८५६ ला सुटली, तो प्रश्न १ जुलैला टाक, मी आधीच सांगून ठेवतो. मास्तरने उत्तर दिलं की आता सांगितलंस म्हणजे तो बाद.

३ मेला 'भारतातला पहिला चित्रपट कोणता' हा प्रश्न ठरलेला होता, दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र त्या तारखेला १९१३ मध्ये गिरगावात कोरोनेशनला लागला होता. मास्तरने आदल्या रात्री मला आणि रेल्वेवाल्याला प्रश्न दाखवला. रेल्वेवाला म्हणाला, दादासाहेब तोरण्यांचा पुंडलिक त्याच कोरोनेशनला १८ मे १९१२ ला, म्हणजे वर्षभर आधी लागला होता, तो नाटकाचं चित्रण म्हणून मोजत नाहीत, पण मोजायचा की नाही यावर लोक अजून भांडतात. मास्तरने दहा मिनिटं विचार केला. पूर्ण लांबीचा लिहू का, कथापट लिहू का, भारतात धुतलेला लिहू का, असं करत करत शेवटी वैतागून त्याने तो प्रश्नच काढला आणि ३ मेला विचारलं की कळसूबाईची उंची किती मीटर. १६४६. सगळ्यांची उत्तरं बरोबर, हरकत शून्य, आणि रात्री सव्वानऊला चेन्नईकराचा मेसेज, 'मास्तर, आज बोर झालं राव.'